डिजिटल आवाजात फटी नसतात

गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द दर वेळी थोडे बदलतात, ऐवज तोच. रेकॉर्डवरचा आवाज अखंड आणि जसाच्या तसा असतो. डिजिटलमध्ये त्याचे सेकंदाला ४४,१०० तुकडे होतात आणि दोन तुकड्यांमधलं संगीत कायमचं हरवतं. सीडी २० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २०,००० कंपनांच्या) वरचे नाद कापून टाकते. मेंदू त्या फटी भरत बसतो म्हणून डिजिटल ऐकून कान थकतात. जाणकार कानाला हा फरक लगेच कळतो. शेवटी सल्ला: घरातल्या रेकॉर्डी आणि टेपांचं डिजिटायझेशन करू नका, त्यात गाण्याचा आत्मा जातो. सोबत एक चित्र असतं. वर गुळगुळीत लाट, खाली तीच लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

हे पाठवणाऱ्यांना फरक ऐकू येतो, यावर माझा विश्वास आहे. पुष्कळदा तो खराच असतो. पण मेसेज त्याचं जे कारण देतो ते चुकीचं आहे आणि शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे.

“दोन तुकड्यांमधलं संगीत हरवतं.”

सेकंदाला ४४,१०० वेळा लाटेची उंची नोंदवली जाते, हे बरोबर. मधलं हरवतं, हे चूक. लाटेत एका ठरावीक मर्यादेच्या वरची कंपनं नसतील, तर त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेगाने घेतलेल्या नोंदींमधून एक आणि एकच लाट जाऊ शकते. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात याचा पाया घातला. पुढे रशियात कोटेलनिकोव्हने १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅननने १९४९ मध्ये ते नीट मांडलं. शाळेतली भूमिती आठवा. दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. मधले बिंदू दिलेच नव्हते, तेव्हा रेषेचा मधला भाग अंदाजपंचे आहे, असं भूमितीच्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. इथे रेषेच्या जागी लाट आहे आणि ‘सरळ’ या अटीच्या जागी ‘अमुक कंपनांच्या आत’ ही अट आहे, एवढंच.

मग चित्रातल्या पायऱ्या? पायरीचा काटकोनी कोपरा काढायला फार वरची कंपनं लागतात. सीडीच्या बाबतीत ती २२,०५० हर्ट्झच्या पलीकडची असतात आणि प्लेअरमधून बाहेर पडण्याआधी फिल्टर ती काढून टाकतो. ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या तारेत पायऱ्या उरत नाहीत, सलग विद्युतलहर असते. ख्रिस माँटगोमेरी या अमेरिकी अभियंत्याने २०१३ मध्ये एका व्हिडिओत हे करून दाखवलं. ॲनॉलॉग, म्हणजे सलग लहर देणाऱ्या, यंत्रातून काढलेली लाट त्याने डिजिटल केली, परत ॲनॉलॉग केली आणि लाटेचा आकार दाखवणाऱ्या जुन्या काचेच्या ऑसिलोस्कोपवर टाकली. पायऱ्या कुठेच नाहीत. २० किलोहर्ट्झलाही नाहीत, जिथे एका पूर्ण लाटेच्या वाट्याला दोनाहून किंचित जास्त नोंदी येतात. चित्रातल्या पायऱ्या कॉम्प्युटरने चित्र काढण्याच्या सोयीसाठी काढलेल्या असतात.

याच मुद्द्याची एक जरा शिकलेली आवृत्तीही आहे. दोन कानांवर आवाज पोचण्यातला १० मायक्रोसेकंदांचा फरक माणसाला कळू शकतो. सीडीच्या दोन नोंदींमध्ये २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर. म्हणजे तबल्यावरची थाप नेमकी केव्हा पडली हे सीडीला कळणारच नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. पण थाप दोन नोंदींच्या मध्ये पडली की तिच्या आजूबाजूच्या अनेक नोंदींची मापं त्यानुसार बदलतात आणि लाट परत उभी राहते तेव्हा थाप जिथल्या तिथे पडते. १६ बिटांच्या नोंदींत ही अचूकता नॅनोसेकंदाच्याही खाली जाते.

उभ्या दिशेचं, म्हणजे बिटांचं, थोडक्यात सांगतो. सीडीवर प्रत्येक नोंदीची उंची १६ बिटांत लिहितात, त्यांत ६५,५३६ पातळ्या मिळतात. खरी उंची दोन पातळ्यांच्या मध्ये पडली की बारीकशी चूक होते आणि ती चूक खरखरीच्या रूपाने मिसळते. रेकॉर्डिंग करताना त्यात ‘डिदर’ नावाचा अगदी क्षीण, सळसळीसारखा आवाज मुद्दाम घालतात. मग ती चूक गाण्याबरोबर हलत नाही. एकसारखी आणि नगण्य होते. सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांच्यात ९० डेसिबलहून जास्त अंतर राहतं. चांगल्या, धुतलेल्या एल.पी. रेकॉर्डवर हे अंतर ६०-७० डेसिबलच्या घरात असतं. शेवटी विरत जाणारा तानपुरा आधी कुठे बुडेल, हे त्या आकड्यांवरूनच दिसतं.

“रेकॉर्डवर आवाज जसाच्या तसा असतो.”

मला सगळ्यांत गंमत वाटते ती या वाक्याची. रेकॉर्डचं तंत्र ज्यांनी घडवलं त्यांनी हे वाक्य कधीच उच्चारलं नसतं.

एल.पी. कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे मुद्दाम उचलतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) वक्राप्रमाणे २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल घट आणि २० किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढीच वाढ. तसं केलं नाही तर खर्जाने खाच इतकी झुलेल की शेजारच्या खाचेत घुसेल. घरचा ॲम्प्लिफायर हे सगळं उलटं फिरवून मूळ तोल परत आणतो. स्टीरिओत खर्ज दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा लागतो, नाहीतर पिन उडते. बाजू जितकी लांब तितका आवाज बारीक कापावा लागतो. हे सगळे तडजोडीचे निर्णय, आणि ते हुशारीने घेणारी माणसं मोठी कारागीर होती. पण ‘जसाच्या तसा’ म्हणजे हे नव्हे.

आपल्या गाण्याला याचा एक खास फटका बसतो. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, मग पिन बाहेरच्या काठाला असो की आत लेबलाजवळ. काठाला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. आत ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आतल्या भागात वरचे नाद चुरगळतात आणि ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे येतात, ते यामुळे. आता ख्याल एका बाजूवर कसा बसतो ते पाहा. काठाला विलंबित, संथ आलाप. आणि द्रुत बंदिश, जोरकस ताना, द्रुत लयीतला तबला हे सगळं शेवटी, नेमकं सर्वांत वाईट जागेत. पाश्चात्त्य सिंफनीलाही हाच त्रास होतो, पण आपल्याकडे रागाची बढतच अशी की शेवट हमखास दाट.

दुसरी गोष्ट सुराची. रेकॉर्डचं भोक अर्धा मिलिमीटर जरी मध्यापासून सरकलेलं असलं, तरी काठ आणि लेबल यांच्या मधोमध, दहा सेंटिमीटर त्रिज्येवर, वेग अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली होत राहतो. सप्तकाचे १,२०० सेंट धरले तर हा झोका एकूण १७ सेंटांचा, दर १.८ सेकंदांनी एक. लेबलाजवळ तो २८ सेंटांवर जातो. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, साधारण २२ सेंटांची. म्हणजे ज्या माध्यमाची थोरवी श्रुतींच्या नावाने गायली जाते, त्यात तानपुऱ्याचा षड्जच श्रुतीभर डुलतो. पियानोच्या किंवा बॅंडच्या रेकॉर्डीवर हे कदाचित निसटेल. सलग वाजणाऱ्या तानपुऱ्यावर नाही निसटत.

आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी? नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई कोरायची. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं मुद्रण येईपर्यंत ही पद्धत होती आणि तिच्यात तीनेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटत नसे. शिवाय ७८ हा वेग पक्का व्हायच्या आधी कंपन्या आपापल्या वेगाने कापत. ७४ ने कापलेली तबकडी ७८ ने वाजवली तर सूर ९१ सेंटांनी चढतो. पांढरी एकमध्ये गायलेला माणूस काळी एकचा होऊन बसतो. एखाद्या जुन्या गवयाच्या ‘चढ्या, पातळ’ आवाजाबद्दल मतं बनवण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

तरीही रेकॉर्ड गोड वाटते, आणि त्यात खोटं काही नाही. खाचेतून येणारी थोडी हार्मोनिक (उपस्वरांची) भर, डाव्या-उजव्या बाजूंची किंचित सरमिसळ, स्पीकरचा आवाज तबकडीत शिरून परत पिनेत येणं, खालचा मंद गुरगुराट: या सगळ्यांमुळे आवाज भरीव होतो, अंगावर आल्यासारखा वाटत नाही. ज्याला आपण ऊब म्हणतो ती बहुतांशी ही भर आहे. म्हणजे डिजिटलने काही काढून घेतलेलं नसतं, रेकॉर्डने काही घातलेलं असतं. आवडत असेल तर खुशाल आवडावं.

“सीडी २० किलोहर्ट्झच्या वरचं कापते.”

कापते, खरं आहे. खाचेत त्याहून वरचं मावतं, हेही खरं. १९७० च्या दशकात चार वाहिन्यांच्या ‘सीडी-४’ नावाच्या रेकॉर्डींवर (नाव सोडता सीडीशी संबंध नाही) ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असे. पण ऐकणार कोण? निरोगी तरुण कानाची हद्द २० किलोहर्ट्झ मानतात, पन्नाशीत बहुतेकांची त्याहून बरीच खाली आलेली असते. गाण्याच्या ग्रुपांमधलं सरासरी वय सांगायला नको.

प्रयोगही झालेत. बॉस्टनचे ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाच्या डिजिटल रेकॉर्डिंगच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची एक पायरी घातली आणि श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं: लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. खास सराव दिलेल्या श्रोत्यांत ६० च्या आसपास. म्हणजे काहीतरी, फार थोडं, काहींना कळत असावं. पण ही तुलनासुद्धा डिजिटलची डिजिटलशी आहे. ‘आत्मा जातो’ या दाव्याला तिचा आधार मिळत नाही.

“डिजिटल ऐकून कान थकतात.”

हा दावा सीडीपेक्षा जुना आहे. जॉन डायमंड नावाच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने १९८० मध्ये मांडलं की डिजिटल रेकॉर्डिंगने शरीरावर ताण येतो. पुरावा काय, तर माणसाला हात आडवा धरायला लावायचा, गाणं वाजवायचं आणि हात खाली दाबून बघायचा. दाबणाऱ्याला काय वाजतंय हे ठाऊक असलं की अशा चाचणीला अर्थ उरत नाही. शिवाय सीडी बाजारात यायला तेव्हा दोन वर्षं होती. डिजिटल मुद्रण लोकांपर्यंत पोचत होतं ते एल.पी.वरूनच, जपानच्या डेनॉनने तशा रेकॉर्डी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काढल्या होत्या. आज ज्या ‘अस्सल ॲनॉलॉग’ म्हणून जपल्या जातात, त्यांतल्या काही मुळात डिजिटल आहेत.

कान थकतात ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. १९९० नंतर गाणी जास्तीत जास्त मोठ्याने वाजावीत म्हणून बारीक आवाज वर ओढायचा आणि मोठा आवाज ठेचायचा, अशी चढाओढ लागली. लहान-मोठा हा भेदच मिटला की अर्ध्या तासात डोकं धरतं. एल.पी.वर असं ठेचून कापायला खाचेची मर्यादा आडवी येते, म्हणून त्याच अल्बमच्या एल.पी.साठी पुष्कळदा वेगळं, सौम्य मास्टरिंग (छापण्याआधी आवाजाचा शेवटचा तोल साधणं) करतात. दोन्ही लावून पाहा, एल.पी. खरंच बरी वाटेल. पण तो निर्णय स्टुडिओतल्या माणसाचा; चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या सीडींचंही तेच. एल.पी.साठी तोल साधलेल्या टेपा तशाच सीडीवर चढवल्या गेल्या, प्लेअरमधले फिल्टरही तेव्हा कच्चे होते, आणि ‘सीडी म्हणजे टोचणारा आवाज’ हे मत तिथून पक्कं झालं.

आणि फोनवर आलेली १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपी३ म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, या फाइलीत त्याचा अकरावा हिस्सा. झांजांचा चुरा आणि टाळ्यांचा पावसासारखा आवाज तिथे मिळणारच.

काही आवृत्त्यांत शेवटी वाद्यं ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावावीत, असंही चिकटवलेलं असतं. त्याचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो.

“जाणकार कानाला लगेच कळतं.”

कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही कंपनी गाजलेल्या अल्बमांच्या महागड्या एल.पी. काढते. थेट मूळ टेपवरून कापलेल्या, अशी त्यांची ख्याती होती. ‘वन-स्टेप’ मालिकेतल्या एका संचाची किंमत २०२२ च्या सुमाराला १२५ डॉलरपर्यंत होती. घेणारे साधेसुधे नव्हेत. लाखोंची यंत्रसामग्री बाळगणारे आणि डिजिटलचा वास जरी आला तरी नाक मुरडणारे. जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने यूट्यूबवर सांगितलं की या रेकॉर्डी बनताना मध्ये डिजिटल टप्पा असतो. खळबळ उडाली. थोड्याच दिवसांत कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच्याच कॅमेऱ्यासमोर ते मान्य केलं: मूळ टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवायची आणि मग त्यावरून कापायचं. हे २०११ पासून चालू होतं. पुढे कोर्टात दावा झाला आणि ग्राहकांना भरपाई देण्याची तडजोड झाली.

याच सुमाराला कंपनीने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती जाहीर केल्या होत्या आणि तो आकडा काही लोकांना खटकला होता. ‘वन-स्टेप’ पद्धतीत एका कापणीतून हजारेक प्रती निघतात. मग एवढ्यासाठी मूळ टेप चाळीसएक वेळा फिरवायला कोण देईल? शंका आली ती अशी, गणितातून. मधल्या अकरा वर्षांत या रेकॉर्डी संग्राहकांच्या याद्यांत सर्वोत्तम म्हणून वर जात होत्या, त्यांच्या ॲनॉलॉग गोडव्याचं कौतुक चाललं होतं.

यावर कुणी म्हणेल की डीएसडी सीडीपेक्षा कितीतरी बारीक असतं. म्हणून आणखी एक जुनं उदाहरण. लिन या स्कॉटिश कंपनीचे संस्थापक आयव्हर टीफेनब्रन तेव्हा डिजिटलचे कडवे विरोधक. १९८४ मध्ये त्यांच्या आवडत्या यंत्रणेत, रेकॉर्ड आणि स्पीकर यांच्या मध्ये सोनीचा पीसीएम-एफ१ हा १६ बिटांचा डिजिटल प्रोसेसर कधी घालायचा, कधी काढायचा अशी चाचणी घेतली गेली. तो मध्ये आहे की नाही, हे त्यांना ओळखता आलं नाही. रेकॉर्डची सगळी ऊब त्या १६ बिटांतून सुखरूप बाहेर पडत होती.

घरी हे करून पाहणं अवघड नाही. आपल्या आवडत्या एल.पी.ची एक बाजू सीडीच्या दर्जात रेकॉर्ड करा आणि दोन्ही दुसऱ्या कुणाला तरी आलटून पालटून वाजवायला सांगा. दोन्हींचा आवाज नेमका सारखा ठेवणं एवढीच खबरदारी. कारण एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून ऐकू येत नाही, ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ म्हणून येतो. आणि काय वाजतंय हे आपल्याला दिसता कामा नये.

“डिजिटायझेशन करू नका.”

इथे मात्र हसून सोडून देता येत नाही. पुण्या-मुंबईत, सांगली-मिरजेत, बेळगाव-धारवाडकडे कितीतरी घरांत खासगी मैफलींच्या स्पूल टेपा आणि कॅसेटी पडून आहेत, ज्यांची दुसरी प्रत जगात नाही. टेपेवरचा चुंबकीय थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो हवेतल्या दमटपणाने सुटत जातो. कोकणपट्टीतल्या कपाटात बुरशी वेगळीच. रेकॉर्ड तर प्रत्येक वाजवण्याने झिजते. मेसेज ऐकून थांबलात तर आत्मा राहील की नाही ते माहीत नाही, गाणं नक्की जाईल.

करायचंच तर नीट करावं. रेकॉर्ड आधी धुवा. ७८ च्या तबकडीला एल.पी.ची पिन लावू नका; तिची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची पिन लागते, एल.पी.ची १८ च्या आसपास. टेपेला बुरशी किंवा चिकटपणा दिसला तर स्वतः फिरवून बघू नका, जाणकाराकडे द्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. ऐकायला एवढं लागत नाही, पण पुढे दुरुस्ती करताना हात मोकळा राहतो. आणि ही पहिली प्रत खरखरीसकट तशीच ठेवा. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर, बेताने. कारण खरखर आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, एकाच पट्ट्यात राहतात. सॉफ्टवेअरचं बटण जरा जास्त फिरवलं की दोन्ही जातात, आणि मग ते निर्जीव गाणं ऐकून लोक म्हणतात, बघा, डिजिटल.